चिनी ऐतिहासिक प्रेममालिका : तलवार कुणाकडेही असो, घराच्या किल्ल्या कुणाकडे?

रातकिडा

चिनी ऐतिहासिक प्रेममालिकांवर बोलायला बसलं की गाडी दोनच स्टेशनांवर थांबते. हिरोचे केस किती लांब, आणि हिरॉईन 'स्ट्राँग' आहे की नाही. स्ट्राँग म्हणजे तलवार चालवते की नाही. मला या दुसऱ्या प्रकाराचा कंटाळा आलाय, म्हणून हा धागा.

तलवारवाल्या नायिका या मालिकांत पोत्याने सापडतात. पहिल्या चार भागांत वीसेक गुंड लोळवतात आणि पुढे कधीतरी पाय मुरगळून बरोबर हिरोच्या हातांवर पडतात. त्या तलवारीने घरातलं काहीएक बदलत नाही. कुणाचं चालतं हे बघायचं असेल तर हिशेबाच्या वह्या कुणाकडे आहेत ते बघा.

माझं लाडकं उदाहरण 'द स्टोरी ऑफ मिंगलान'. २०१८च्या डिसेंबरात आलेली, ७३ भाग, झाओ लियिंग नायिका, काळ उत्तर सोंग घराण्याचा (दहावं ते बारावं शतक). शंग नावाच्या सरकारी अधिकाऱ्याचं घर. लग्नाची बायको वांग, शिवाय लिन आणि वेई या दोघी 'ठेवलेल्या' नव्हेत तर रीतसर घरात आणलेल्या दुय्यम बायका. साहेबांचा जीव लिनवर, म्हणून घरखर्च लिनच्या हाती. वेई म्हणजे मिंगलानची आई, दिवस गेलेली. ऐन थंडीत तिच्या खोलीत कोळसा येत नाही. तिला कुणी मारत नाही की टाकून बोलत नाही, कोळसा फक्त पोचत नाही. चिमुरडी मिंगलान आणि तिची दासी कोळशासाठी धडपडतात, तर उलट दासीवरच चोरीचा आळ येतो आणि तिची हकालपट्टी होते. पुढे बाळंतपणात वेई जाते आणि त्यामागे लिनचं कारस्थान असतं.

सुरुवातीच्या त्या भागांत एकही तलवार उपसली जात नाही, पण एवढी क्रूर मालिका मी क्वचित पाहिली आहे. आणि बाप? बाप काही राक्षस नाही. हुशार आहे, हळवा आहे, फक्त त्याला मागच्या खोल्यांत काय चाललंय ते बघायचं नसतं.

म्हणून माझी फूटपट्टी सोपी आहे. हिरो नायिकेसाठी किती बाण अंगावर घेतो ते जाऊ द्या, लग्नानंतर तो तिच्या हातात काय देतो? तिंगये (मिंगलानचा नवरा, आडनाव मराठीत लिहायची सोय नाही, माहीत असलेल्यांनी गालात हसून घ्यावं) घराचा कारभार तिच्यावर सोपवतो, आणि मग सासूच्या फौजेशी ती स्वतः लढते. मला प्रेमकथा म्हणून हे कुठल्याही पाकळ्यांच्या पावसापेक्षा जास्त भावतं.

तुम्ही काय म्हणता? स्पॉयलर बिनधास्त द्या, मालिका जुन्या आहेत.

चहाटळ

'अ ड्रीम ऑफ स्प्लेंडर'च्या हिरोचंही आडनाव तेच! आमच्याकडे आईने सबटायटल वाचून "हे काय नाव?" विचारलं, तेव्हापासून घरात त्याला नुसतं 'इन्स्पेक्टर' म्हणतात.

बाकी फूटपट्टी मान्य. पण तुमच्या तिंगयेने लग्न कसं जमवलं ते सोयीस्कररीत्या गाळलंत. मागणी घातली मोठ्या घरच्या रीतीने, वांगच्या पोटच्या रुलानसाठी. रुलानचं एका गरीब विद्वानावर प्रेम. मग अब्रू वाचवायला घरच्यांनी मिंगलानला पुढे केलं. आणि हे सगळं असंच घडावं अशी सोंगटी त्यानेच मांडलेली. मुलीला विचारलं कुणी?

कर्दळ

चहाटळ +१. सगळ्यांना फसवून तिच्याशीच लग्न लावून घेतलं यात रोमँटिक काय आहे ते मला कधीच कळलं नाही. हेच खलनायकाने केलं असतं तर आपण त्याला नासका म्हटलं असतं.

पण मला रातकिडा यांच्या मूळ मुद्द्यातच खोट दिसते. वहीखात्यांची सत्ता खरी, कबूल. ती दिली कुणी? नवऱ्याने किंवा बापाने. काढून घेतली कुणी? त्यांनीच. लिनचा शेवट आठवा. तिला बदडून मळ्यावर पाठवतात, तिथेच ती मरते. ज्याने लग्नाची बायको बाजूला सारून तिच्या हाती घर दिलं तो शंगसाहेब मात्र शेवटपर्यंत घरचा कर्ता आणि चार मुलींचा प्रेमळ बाप. मालिका आपल्याला लिनचा राग करायला शिकवते. बायकांनी बायकांना कोळसा नाकारायचा, आणि कोळशाची खाण ज्याची तो वर बैठकीत बसून कविता करणार.

पोटमाळा

थोडा इतिहास टाकतो, कारण सोंग काळाचा कायदा या मालिकांहून जास्त गुंतागुंतीचा आहे.

मुलगी माहेरून जे आणायची ते नवऱ्याच्या भावाभावांत वाटणी झाली तरी वाटणीत धरायचं नाही, असा नियम तांग काळापासून (सोंगांच्या आधीपासून) होता आणि सोंगांनी तो चालू ठेवला. आपल्याकडच्या स्त्रीधनाची आठवण होईल. श्रीमंत घरात ही रक्कम जमिनीच्या रूपातही असे. म्हणून मालिकेत लग्नाआधी याद्या वाचण्याचे जे लांबलचक प्रसंग येतात ते भरताड नाहीत. त्या मुलीचं सासरी किती चालणार हे त्या यादीत ठरतं. पुढे युआन आणि मिंग काळात ही पकड सैल झाली. विधवेने दुसरं लग्न केलं तर आणलेलं सगळं पहिल्या सासरीच ठेवायचं, असा कल झाला.

घटस्फोटाचं म्हणाल तर दोघांच्या संमतीने वेगळं होण्याची तरतूद होती. शिवाय नवरा सात कारणांवरून बायको टाकू शकत होता : मुलगा नसणं, सासूसासऱ्यांची सेवा न करणं, व्यभिचार, मत्सर, चोरी, असाध्य रोग आणि जास्त बोलणं. (धाग्यावरच्या तमाम भगिनींनी सातवं कारण पुन्हा वाचावं.) याला तीन अपवाद. तिने सासूसासऱ्यांचं सुतक पाळलं असेल, लग्नावेळी घर गरीब होतं आणि नंतर श्रीमंत झालं असेल, किंवा परत जायला तिला माहेर उरलं नसेल, तर टाकता येत नसे. 'मत्सर' हे कारण नीट बघा. नवऱ्याने दुसरी आणली आणि तुम्ही तोंड वाकडं केलंत, तर गुन्हेगार तुम्ही.

आणि एक खरी बाई. कवयित्री ली चिंगझाओ, जन्म १०८४. पहिला नवरा वारल्यावर ११३२ मध्ये तिने दुसरं लग्न केलं. नवरा तिच्या जुन्या वस्तूंच्या संग्रहावर डोळा ठेवून आलेला निघाला, मारहाणही करायचा. तिने काय करावं? त्याने खोटी माहिती देऊन सरकारी पद मिळवलं होतं, त्याची तक्रार केली. तक्रार खरी ठरली, तो हद्दपार झाला, ती सुटली. पण बायकोने नवऱ्याविरुद्ध तक्रार केली, तर ती खरी असली तरी बायकोला दोन वर्षं कैद, असा कायदा होता. ओळखीपाळखीने ती नऊ दिवसांत बाहेर आली. यावर कळस म्हणजे पुढे छिंग काळातल्या (सतरावं ते विसावं शतक) काही पंडितांनी एवढ्या थोर कवयित्रीने दुसरं लग्न केलंच नसणार हे सिद्ध करायला ग्रंथ झिजवले. मारकुटा नवरा त्यांना चालला असता, पुनर्विवाह नाही.

रातकिडा

पोटमाळा, मस्त प्रतिसाद. यावरच कुणी मालिका का काढत नाही?

कर्दळ, खोट मान्य करायला मी तयार नाही. सत्ता वरून आली म्हणून ती खोटी ठरत नाही. तिंगयेलाही त्याची सत्ता सम्राटाकडूनच मिळते आणि सम्राट ती काढूनही घेतो. त्या जगात कुणाचीच स्वतःची नाही. प्रश्न असा की मिळालेल्या वावात ती बाई काय करते. मिंगलान वर्षानुवर्षं मंदबुद्धी, आळशी असल्याचं सोंग घेते, कारण त्या घरात हुशार दिसणं म्हणजे मरण हे ती आईच्या खाटेशी शिकलेली असते.

लग्नाबद्दल मात्र तुमच्या दोघांशी अर्धी सहमत. तो डाव मलाही खुपतो. पण दुसरा पर्याय होता छी हंग. राजबिंडा, कवितेसारखा बोलणारा, तिच्यावर जीव टाकणारा. आईने दटावलं, वरून एका राजपुत्राच्या घराण्याचा दबाव आला आणि तो दुसरीकडे बोहल्यावर चढला. त्याला दोष देता येत नाही, पण त्याच्यावर घर उभं करता येत नाही हे मिंगलानला कळतं.

एक गोष्ट मूळ कादंबरीची. ती जिनजियांग या वेबसाइटवर आली. बायकांनी बायकांसाठी लिहिलेल्या कथांचं ते माहेरघर, २००३ पासून चालू. कादंबरीतली मिंगलान मुळात आजच्या काळातली कोर्टात कारकुनी करणारी मुलगी असते, ती मरून जुन्या काळच्या वाड्यातल्या एका लहान मुलीच्या अंगात येते. मालिकेने हे पूर्ण कापलं. चीनमध्ये २०११पासून टीव्हीवरच्या कालप्रवासाकडे सरकार वाकड्या नजरेने बघतं, त्यामुळे अशी कात्री नेहमीची. पण नुकसान झालं. कोर्टात संसार मोडताना पाहिलेली मुलगी "नवऱ्यावर विसंबून राहायचं नाही" असं ठरवते, ते तिच्या तोंडी शोभतं. मालिकेतली मिंगलान तेच करते, पण आता ते आईच्या मृत्यूचं भय वाटतं.

दूरदेशी

सिंगापूरहून. इथल्या चिनी सहकाऱ्यांमध्ये 'एम्प्रेसेस इन द पॅलेस' (२०११, सुन ली, ७६ भाग) ही प्रेमकथा मानलीच जात नाही. ऑफिसात टिकून कसं राहावं याचं ते पाठ्यपुस्तक. वरिष्ठांसमोर कधी गप्प बसायचं, भेट कुणाकडून घ्यायची नाही, आजारपण कधी काढायचं, सगळ्याला त्यातले प्रसंग देतात. माझी एक सहकारी दर सुट्टीत ती परत लावते.

आणि खरंच, जनानखाना हे नोकरीचं ठिकाणच होतं. छिंग काळात 'आठ ध्वजांच्या', म्हणजे मांचू राज्यकर्त्यांच्या लष्करी गटांतल्या, घराण्यांतल्या मुलींची दर तीन वर्षांनी निवड व्हायची. पदांची उतरंड ठरलेली. सम्राज्ञी एक, तिच्याखाली एक, मग दोन, मग चार, मग सहा, आणि त्याखालच्या पायऱ्यांना मर्यादा नाही. पदाप्रमाणे भत्ता, दासी, कापड, कोळसासुद्धा. रातकिडा यांचा कोळसा इथेही आहेच. फरक एवढाच की शंगांच्या वाड्यातून संमतीने बाहेर पडता येतं, राजवाड्यातून राजीनामा देता येत नाही.

नायिका झेन हुआनला कळतं की सम्राटाचं आपल्यावरचं प्रेम हे मेलेल्या पहिल्या सम्राज्ञीशी चेहरा जुळतो म्हणून आहे. तिथे ती प्रेमकथा संपते आणि उरलेल्या भागांत ती वर चढत जाते. शेवटी राजमाता होते. सगळं मिळतं, माणूस एकही उरत नाही. मी यातल्या सम्राटाला या प्रकारातला सगळ्यात प्रामाणिकपणे रंगवलेला पुरुष म्हणेन. तो दुष्ट नाही, त्याला फक्त आयुष्यात कुणी नाही म्हटलेलं नाही.

२०१८ मध्ये 'यानशी पॅलेस' प्रचंड चालली. पुढच्याच वर्षी जानेवारीत 'बीजिंग डेली'ने राजवाड्यातल्या कारस्थानांच्या मालिकांवर तोफ डागली, चैनीचं आणि कटकारस्थानांचं उदात्तीकरण वगैरे, आणि त्या वाहिन्यांवरून उतरल्या. बायका एकमेकींना विष घालतात हे एवढी वर्षं चाललं. दासीची वरची राणी होणारी, जशास तसं करणारी नायिका लोकांनी डोक्यावर घेतली तेव्हा समाजस्वास्थ्य आठवलं, असं माझं मत.

टेकडीवरचा

पुरुष प्रतिसाद चालेल ना? बायको बघते म्हणून बघायला लागलो, आता ती झोपते आणि मी पुढचा भाग लावतो.

'द रोमान्स ऑफ टायगर अँड रोझ' (२०२०, फक्त २४ भाग) कुणीच कसं काढलं नाही? एक पटकथालेखिका स्वतःच्याच कथेत जाऊन पडते, तेही तिसऱ्या भागात मरणाऱ्या दुष्ट राजकन्येच्या अंगात. त्या नगरीत बायकांचं राज्य. कारभार बायका करणार, पुरुषांनी घर, रूप आणि चारित्र्य सांभाळायचं, त्यांच्या शिकण्यावर बंधनं. मी पहिले काही भाग पोट धरून हसलो. एका पुरुषाला लोक "एवढा शिकून काय करणार" छापाचं ऐकवतात तिथे बायको हसली नाही. "यात विनोद काय आहे?" म्हणाली. तिला हे वाक्य बारावीनंतर घरात ऐकायला मिळालं होतं.

पण मला खटकलं ते वेगळंच. उलटं जग दाखवायची संधी असूनही धडाधड पळवून नेणं, मनगट धरणं, भिंतीशी अडवणं हे हिरोच करतो. शहर बायकांचं, बागेतला प्रसंग जुनाच.

कर्दळ

मनगट! त्यावर वेगळा धागा निघेल. या मालिकांत हिरो नायिकेला हाक मारत नाही, मनगट धरून गर्रकन वळवतो. चुंबनाच्या वेळी तिचे डोळे सताड उघडे आणि हात काठीसारखे ताठ. तिची इच्छा दिसली तर 'चांगली मुलगी' राहणार नाही ना.

त्याच रांगेत 'अ ड्रीम ऑफ स्प्लेंडर' (२०२२, लिउ यिफेई). मला ही मालिका आवडते हे आधीच सांगते. तीन बायका, तिघींना पुरुषांनी तोंडघशी पाडलेलं, राजधानीत येऊन चहाचं दुकान टाकतात. नायिका पानअर ज्याला तीन वर्षं पोसते तो होणारा नवरा सरकारी नोकरीच्या परीक्षेत तिसरा येतो, आणि वजनदार घरची सोयरीक आली की हिच्याकडे नोकराला पाठवून लग्न मोडतो. ती रडून बसत नाही, राजधानी गाठून जाब मागते. दुकानातल्या पेल्यांपासून गल्लीतल्या इतर चहावाल्यांच्या विरोधापर्यंत सगळं बारकाईने दाखवलंय. ही खरी स्वतःची कमाई. रातकिडा, तुमच्या किल्ल्यांपेक्षा मला हा गल्ला जास्त भरवशाचा वाटतो.

पण माशी कुठे शिंकते बघा. मूळ नाटक तेराव्या शतकातल्या ग्वान हानचिंगचं. त्यातली झाओ पानअर सरळसरळ गणिका आहे. आपल्या मैत्रिणीला मारकुट्या नवऱ्याकडून सोडवायला ती आपलं रूप हत्यारासारखं वापरते, त्याला लग्नाची लालूच दाखवते आणि मैत्रिणीची सोडचिठ्ठी त्याच्याकडूनच लिहून घेते. लाजबीज काही नाही. २०२२च्या मालिकेत मात्र पानअर 'फक्त कला सादर करणारी' होती, 'तसली' नव्हती, हे पुन्हा पुन्हा बजावलं जातं. नायक नायिका दोघेही 'शुद्ध' असल्याच्या कौतुकावरून चिनी प्रेक्षक बायकांनीच झोड उठवली होती. सातशे वर्षांपूर्वीच्या नाटककाराला जे सोवळं लागलं नाही ते आजच्या निर्मात्यांना लागलं.

चहाटळ

'लव्ह बिट्वीन फेअरी अँड डेव्हिल'मधला तोडगा सर्वोत्तम. तिन्ही लोकांत थरकाप उडवणाऱ्या चंद्रवंशी राजावर असा मंत्र बसतो की परीला जे दुखेल ते त्यालाही दुखणार. तिला ठेच लागली की हा विव्हळणार. वर शरीरांची अदलाबदल, मग हा तिच्या देहात राहून साध्या परीला लोक कसं वागवतात ते अनुभवतो आणि संतापतो. बाकी हिरोंना हे कळायला पन्नास भाग लागतात.

असा मंत्र काही ठिकाणी सरकारतर्फे मोफत द्यावा.

(आणि सोंग काळात उच्चभ्रू घरांत पाय बांधण्याची चाल सुरू झालेली, ती एकाही मालिकेत दिसत नाही. सगळ्या जणी बागेतून धावतायत.)

पोटमाळा

तो पाय बांधण्याचा मुद्दा सोडू नका. गुळगुळीत केलेला इतिहास हाच. वाड्यातलं राजकारण दाखवायला हरकत नाही, पावलांची हाडं मोडणं दाखवलं तर प्रेमकथा तिथेच बसेल.

दूरदेशी यांच्या 'राजवाड्यातून राजीनामा देता येत नाही' यावरून सांगतो. २०१८मध्ये दोन मालिका पाठोपाठ आल्या, 'यानशी पॅलेस' आणि 'रुयीज रॉयल लव्ह इन द पॅलेस'. दोन्ही सम्राट छियानलोंगच्या वाड्यातल्या. गंमत बघा, पहिलीत जी खलनायिका ती दुसरीत नायिका, आणि पहिलीतली नायिका दुसरीत खलनायिका. बायका त्याच, इतिहास तोच. एकीची बाजू घ्यायची तर दुसरीला विषारी करावंच लागतं, दोघींची बाजू घेणारी कथा कुणाला सुचली नाही. कर्दळ यांचा लिनबद्दलचा मुद्दा इथे लागू पडतो.

रुयी ज्या सम्राज्ञीवरून बेतली आहे तिने १७६५ मध्ये दक्षिणेच्या दौऱ्यावर असताना स्वतःचे केस कापले. मांचू रिवाजात राजघराण्यातल्या बाईने केस कापायचे ते सम्राट किंवा राजमाता वारल्यावरच. म्हणजे तिने हयात नवऱ्याच्या नावाने सुतक धरलं. का, ते कुठे नोंदलेलं नाही. तिला तिथूनच राजधानीला परत धाडलं. पुढच्या वर्षी ती वारली तेव्हा सम्राट शिकारीवर होता. अंत्यविधी सम्राज्ञीच्या इतमामाने होऊ दिला नाही आणि दुसऱ्या एका राणीच्या थडग्यात तिला ठेवलं. तिच्याकडे सही करायला कागद नव्हता, सोडून जायला दार नव्हतं, तेव्हा जे हाताशी होतं ते तिने कापलं.

रातकिडा

पोटमाळा, याच्यापुढे माझ्या किल्ल्या लंगड्या पडतात हे खरं, पण वाड्याबाहेरच्या बायकांबाबत मी मत बदलत नाहीये. कर्दळ, पानअरच्या गल्ल्याबद्दल मान्य, मात्र त्या दुकानावर बड्यांनी डोळा ठेवल्यावर 'इन्स्पेक्टर' नसता तर काय झालं असतं, याचंही उत्तर द्या.

कर्दळ

देते की. दुकान बुडालं असतं, आणि तिने दुसऱ्या गावात दुसरं टाकलं असतं. मिंगलानला नवऱ्याने उद्या किल्ल्या परत मागितल्या तर ती काय टाकणार?

टेकडीवरचा

तुमचं चालू द्या, मला 'रुयी' ८७ भागांची आहे एवढंच कळलं. घरात कुणी विचारलं तर सांगा की या धाग्याने भरीस घातलं.